मैफलीचा जमाखर्च

भारतीय रागसंगीत आणि नृत्य यांची पाश्चात्य अथवा आधुनिक कलाप्रकारांशी सांगड घालणारे कार्यक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. सतारीसमोर गिटार, तबल्याशेजारी ड्रम, भरतनाट्यमच्या जोडीला समकालीन नृत्य असा मेळ महानगरांतील सभागृहांतून वर्षभर कोठे ना कोठे मांडला जात असतो. पुरोगामी चळवळीत या प्रकाराविषयी साधारणतः दोन मते आढळतात. पहिले असे की, ही सुखवस्तूंची करमणूक आहे. कष्टकऱ्यांच्या चळवळीचे तिच्याशी काही देणेघेणे नाही. दुसरे मत रसिक कार्यकर्त्यांचे. या संकरामुळे मूळ कला भ्रष्ट होते, असे दुःख त्यांना होत असते. जातिशुद्धीच्या कल्पनेवर आयुष्यभर तुटून पडलेली माणसे रागशुद्धीचा विषय निघताच एकाएकी सनातनी होतात, हा त्यातला मौजेचा भाग.

वस्तुतः संकर इष्ट की अनिष्ट, हा वाद इतिहासाने केव्हाच निकालात काढला आहे. कर्नाटक संगीताचे आज अविभाज्य अंग बनलेले व्हायोलिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपियनांकडून आले. मराठी संगीत रंगभूमीची पायपेटी आणि कीर्तनकाराची बाजाची पेटी यांचे मूळही युरोपातच. भारतीय स्वरांना मारक म्हणून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालविली. त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र पेटी खाली ठेवली नाही.

तेव्हा विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. अशा मेळाचा खर्च कोण करतो? तालमीचे दिवस कोणाच्या पोटावर निघतात? जमलेला पैसा शेवटी कोणाच्या हाती पडतो, आणि केव्हा? रंगमंचावर आलेल्या दोन संस्कृती किती काळ आणि कोणत्या नात्याने एकत्र राहणार, हे बव्हंशी या जमाखर्चावर ठरते. पंडित रविशंकर यांच्या आयुष्यात बंगालच्या आपत्तीशी निगडित असे दोन प्रसंग आले. त्यांतील दुसरा जगप्रसिद्ध आहे. पहिला मुंबईत घडला आणि मुंबईतच जवळजवळ विस्मृतीत गेला. प्रसिद्ध प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाने लाखो माणसांचा बळी घेतला. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड आरंभिले आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १ कोटी निर्वासितांनी भारताच्या हद्दीत आश्रय घेतला. रविशंकर यांचे पितृघराणे जेसोर जिल्ह्यातले. त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ यांचे गाव ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर. गुरुपुत्र अली अकबर खाँ यांचा जन्मही तेथलाच. एखादी मैफल करून २५ हजार डॉलर उभे करावेत, एवढाच रविशंकर यांचा मूळ बेत होता. त्यांनी तो त्यांचे शिष्य, बीटल्स या प्रख्यात वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांच्या कानावर घातला. हॅरिसन यांनी अवघ्या काही आठवड्यांत धावपळ करून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी व रात्री असे दोन प्रयोग घडवून आणले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी नामावळी होती. कोणीही मानधन घेतले नाही. दोन्ही प्रयोगांना मिळून सुमारे ४० हजार श्रोते होते.

आरंभ भारतीय वादनाने झाला. रविशंकर यांची सतार, अली अकबर खाँ यांचे सरोद, अल्लारखा यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा. वाद्ये लावून होतात न होतात तोच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वाद्ये जुळविण्यालाच एवढी दाद मिळत असेल तर प्रत्यक्ष वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर यांनी हसत सांगितले. हा किस्सा आपल्या देशात पाश्चात्यांच्या अज्ञानाचा म्हणून चवीने सांगितला जातो. त्या चवीत थोडा अहंकार मिसळलेला आहे. गिटार ऐकण्यासाठी तिकीट काढून आलेल्या त्या तरुणांनी वादन चालू असता धूम्रपान न करण्याची विनंती ऐकून घेतली आणि सर्वस्वी अनोळखी संगीत पाव तासाहून अधिक काळ शांतपणे ऐकले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मध्येच कोणी रॉक संगीताचा वाद्यवृंद आणून बसविला, तर तेथील जाणते श्रोते तेवढे सौजन्य दाखवतील काय, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

तथापि या मैफलीला 'संगम' म्हणताना थोडे थांबावे लागते. आधी भारतीय संगीत झाले, मग पाश्चात्य झाले. त्या दिवशी वाजविलेली 'बांगला धून' लोकसंगीताच्या अंगाने जाणारी होती. तिचा आणि नंतरच्या गाण्यांचा परस्परांशी सांगीतिक संबंध नव्हता. पुढे निघालेल्या तीन तबकड्यांच्या संचात एकूण सहा बाजू आहेत. त्यांतील एक भारतीय वादनाला मिळाली. दोन संस्कृती एका जाहिरातफलकावर आल्या होत्या. एका वाद्यमेळात बसण्यासाठी जी महिनोगणती तालीम लागते, तिला त्या घाईत वाव असणे शक्यच नव्हते.

पण राजकीय दृष्ट्या जे साधले ते लहान नव्हते. निक्सन यांचे सरकार याह्याखान यांच्या पाठीशी उभे होते. मार्चनंतरही अमेरिकन लष्करी सामग्री पाकिस्तानकडे जहाजांतून रवाना होत असल्याचे जून १९७१ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले होते. जगातील प्रमुख राष्ट्रांपैकी एकानेही तोवर मान्यता न दिलेल्या देशाचे नाव त्याच अमेरिकेच्या मध्यवर्ती शहरात, तेथल्या सर्वांत लोकप्रिय गायकांच्या तोंडून उच्चारले गेले. 'पूर्व पाकिस्तानातील गडबड' म्हणून जे वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत पडले असते, ते घरोघरच्या तरुण मुलांच्या बोलण्यात आले. अमेरिकन सरकार आणि अमेरिकन जनता या दोन वस्तू एक नाहीत, हे समाजवादी चळवळीने व्हिएतनामच्या वेळी अनेकदा सांगितले होते. त्याचा हा आणखी एक प्रत्यय होता.

आता पैशाकडे वळू. दोन प्रयोगांच्या तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर ५० सेंट एवढी रक्कम जमली आणि ती ऑगस्ट १९७१ मध्येच युनिसेफ या संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालनिधीकडे सुपूर्द झाली. मूळ बेताच्या जवळजवळ दसपट. येथवर सर्व ठीक झाले. खरा पैसा मात्र तबकड्यांत आणि चित्रपटात होता, आणि तेथे परोपकाराची गाठ बाजारपेठेशी पडली. कलावंत निरनिराळ्या कंपन्यांशी करारबद्ध होते; त्या कंपन्यांची संमती मिळवावी लागली. डिलन ज्या कंपनीकडे होते तिने स्वतःसाठी प्रत्येक संचामागे हिस्सा ठरवून घेतला. वितरणाच्या मोबदल्यावरून घासाघीस होऊन तबकड्या डिसेंबरपर्यंत अडून राहिल्या. ज्या महिन्यांत सीमेवरच्या छावण्यांतून मुले पटकीने मरत होती, नेमक्या त्या महिन्यांत हे चालले होते. ब्रिटिश सरकारने आपला खरेदीकर सोडण्यास नकार दिला.

सर्वांत मोठा अडसर अमेरिकेच्या करखात्याचा आला. मैफल धर्मादाय स्वरूपाची आहे अशी रीतसर नोंदणी आगाऊ झालेली नव्हती, सबब उत्पन्नावर कर लागू होतो की नाही याची चौकशी सुरू झाली. युनिसेफकडे सुमारे २० लाख डॉलर तत्पूर्वी पोहोचले होते. उरलेली रक्कम हिशेबतपासणीत गोठली. ती मोकळी होऊन ८८ लाख डॉलर युनिसेफला मिळाले ते १९८१ मध्ये, म्हणजे मैफलीनंतर दहा वर्षांनी.

या दहा वर्षांच्या मध्यावर १९७४ साल येते. त्या साली स्वतंत्र बांगलादेशात दुष्काळ पडला. सरकारी आकडाच २६ हजार मृत्यूंचा होता. स्वतंत्र अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मधील त्यांच्या ग्रंथात दाखवून दिले की, दरडोई तांदळाची उपलब्धता १९७४ साली आधीच्या व नंतरच्या वर्षांहून कमी नव्हती, उलट अधिकच होती. पुराने शेतमजुरांचे काम गेले, भाव भडकले आणि ज्यांच्या हाती मजुरी नव्हती त्यांच्या तोंडचा घास गेला. त्याच वेळी बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकल्याचे निमित्त करून अमेरिकेने धान्यमदत रोखून धरली. एका बाजूस अमेरिकन सरकारने अडविलेले धान्य आणि दुसऱ्या बाजूस अमेरिकन करखात्याच्या तपासणीत अडकलेले, त्याच देशातील मुलांसाठी जमलेले लाखो डॉलर. यात कोणी खलपुरुष शोधण्याची गरज नाही. करखात्याचा कारकून कायद्याप्रमाणे वागत होता आणि तबकडी कंपनीचा व्यवस्थापक भागधारकांना जबाबदार होता. हॅरिसन आणि रविशंकर यांच्या हेतूविषयी तर शंकाही घेता येणार नाही. मैफल त्यांची होती; मैफलीचे उत्पन्न ज्या यंत्रणेतून वाहावयाचे ती यंत्रणा मात्र दुसऱ्याच कामासाठी बांधलेली होती.

आता पहिला प्रसंग. त्यासाठी आणखी सव्वीस वर्षे मागे, अंधेरीस जावे लागेल.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या मते १५ लाख, तर सेन यांच्या हिशेबाने ३० लाखांच्या आसपास माणसे मेली. तेथेही धान्याचा साठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. युद्धखर्चाने भडकलेली महागाई, साठेबाजी आणि परकीय सरकारची बेपर्वाई यांनी तो दुष्काळ घडविला. मे १९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे 'इप्टा', स्थापन झाली. बिनय राय यांच्या पथकाने बंगालची भूक गाण्यांतून सांगत प्रांतोप्रांती निधी गोळा केला. महाराष्ट्रात अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात उभे राहिले. याच लाटेत १९४४ साली अंधेरी येथे इप्टाचे मध्यवर्ती पथक सुरू झाले. त्याचे नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन हे कोमिल्ल्याचे, म्हणजे पूर्व बंगालचेच. १९४५ मध्ये मैहरची दीर्घ तालीम नुकतीच संपविलेले पंचवीस वर्षांचे रविशंकर संगीतदिग्दर्शक म्हणून तेथे आले.

हे सर्व कम्युनिस्ट पक्षाच्या छत्राखाली चालले होते. १९४२ च्या लढ्यात त्या पक्षाने घेतलेली भूमिका समाजवादी कार्यकर्ते विसरले नाहीत आणि विसरण्याचे कारणही नाही. परंतु त्या रागापायी अंधेरीच्या पथकाकडे पाहावयाचेच नाही, असे करणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे.

कारण आज ज्याला आंतरसांस्कृतिक प्रयोग म्हणतात, तो त्या घरात फार वेगळ्या रीतीने घडत होता. शांती बर्धन अल्मोड्याच्या उदय शंकर केंद्रातून आले होते. उदय शंकर यांनी १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हा यांच्या बरोबर काम केले, १९३१ मध्ये पॅरिसला स्वतःचे पथक उभे केले. प्रकाशयोजना, समूहरचना, दोन तासांत बांधलेला प्रयोग ही युरोपीय रंगमंचाची अंगे. कथकळी, मणिपुरी, भरतनाट्यम ही भारतीय. केवळ भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बांधण्याचे काम त्यांच्याकडे ज्यांनी केले त्यांत पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी हे प्रमुख होते. 'श्रम आणि यंत्र' या विषयावरही अल्मोड्यात नृत्यनाट्य झाले. पण त्या केंद्राचा खर्च मुख्यतः इंग्लंडमधील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्याच्या, म्हणजे मुळात अमेरिकन भांडवलदाराच्या वारशातून आलेल्या पैशावर चालत असे. युद्धकाळात तो ओघ आटला, अंतर्गत कुरबुरी वाढल्या आणि १९४४ मध्ये केंद्र मिटले. ज्येष्ठ बंधूंचे युरोपीय दौरे रविशंकर यांनी दहाव्या वर्षापासून नर्तक म्हणून पाहिले होते. तेव्हा आश्रयदात्यावर विसंबलेल्या कलेची बाजू त्यांना आतून ठाऊक होती.

अंधेरीस आश्रयदाता नव्हता. एक घर, एक स्वयंपाकघर, सर्वांना सारखेच जेवण आणि हातखर्चास जेमतेम रक्कम, अशी व्यवस्था होती. बंगाली, गुजराती, मलबारी, उत्तर हिंदुस्थानी तरुण-तरुणी तेथे एकत्र राहत. सकाळपासून व्यायाम, पदन्यास, वाद्यांची तालीम. आज एखादा ढोलकीपटू विमानतळावरून थेट सभागृहात येतो, ध्वनिचाचणीपुरते सहकलावंतांना भेटतो आणि रात्री परत जातो. तेथे मणिपुरी शिकलेल्याला लंबाडी स्त्रियांचा नाच अंगात मुरवावा लागे, आणि रागदारी जाणणाऱ्याला रामलीलेच्या ढंगाशी जुळवून घ्यावे लागे. लोककलेचा तुकडा मध्येच चवीपुरता घालावा, अशी पंगत तेथे नव्हती. कारण लोककला शिकविणारा आणि शास्त्रीय नृत्य शिकविणारा एकाच पानाला पान लावून जेवत होते. 'स्पिरिट ऑफ इंडिया' आणि 'इंडिया इम्मॉर्टल' ही दोन नृत्यनाट्ये त्यातून तयार झाली. इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी' या गीताची आज शाळाशाळांतून म्हटली जाणारी चालही रविशंकर यांनी याच काळात इप्टासाठी बांधली. ती म्हणणाऱ्या किती शिक्षकांना तिचा जन्म कोणत्या घरात झाला हे माहीत असेल?

या पथकाचे आयुष्य तीन वर्षांचेही झाले नाही. पक्षाचा हस्तक्षेप वाढू लागल्यावर रविशंकर १९४६ मध्ये बाहेर पडले. स्वातंत्र्याच्या सुमारास पथक विखुरले. ज्यांनी त्याची पाठराखण केली ते सरचिटणीस पी. सी. जोशी १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात बाजूस सारले गेले आणि नव्या जहाल धोरणात नृत्यनाट्यांना जागा उरली नाही. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईतच लिटल बॅले ट्रूप काढला, कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींवर बेतलेले 'रामायण' बसविले आणि १९५४ साली क्षयाने ते गेले. उपासमारीत काढलेल्या वर्षांचे ते व्याज होते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या काळी क्षय श्रीमंतांनाही सोडत नसे. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी तो संघ पुढे ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला नेऊन अर्धशतकाहून अधिक काळ जगविला. मुंबईने त्याला जागा दिली नाही, ही गोष्ट मुंबईतील कामगार चळवळीच्या खाती मांडावी लागेल.

म्हणजे बाजाराच्या वाटेने गेलेला पैसा दहा वर्षे अडकला, आणि चळवळीच्या वाटेने गेलेली कला तीन वर्षांत विस्कटली. दुसऱ्या अपयशाची चर्चा पक्षाच्या मुखपत्रांतून फारशी होत नाही. कलावंत त्यागी असतो, त्याला पैसा विचारणे हा त्याचा अपमान होय, अशी एक समजूत चळवळीत घट्ट आहे. सभेच्या आधी गर्दी जमविण्यासाठी शाहीर आणि वक्ता येताच त्याला 'आटोपते घ्या' ही चिठ्ठी, हा अनुभव डाव्यांच्या सर्व पंथांत सारखाच आहे.

समाजवादी परिवारानेही याबाबत फार टेंभा मिरविण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली, तिच्यात प्रांताप्रांतांच्या भाषा आणि कला एकमेकींना भेटाव्यात हेच अभिप्रेत होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट यांच्या लेखणीतून 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' यांसारखे कार्यक्रम उभे केले. त्यांत निरनिराळ्या प्रांतांची नृत्ये मध्यमवर्गीय मराठी मुलामुलींनी शिकून सादर केली. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' याच कलापथकासाठी लिहिले गेले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे तेथूनच आली. ती पुढे चित्रपटात आणि व्यावसायिक रंगभूमीवर गेली याबद्दल अधूनमधून उसासे टाकले जातात. उसासे टाकणाऱ्यांनी हेही सांगावे की, त्यांना पूर्ण वेळ कलापथकात ठेवण्यासाठी कोणती तरतूद केली गेली होती. निळूभाऊ शेवटपर्यंत चळवळीचे राहिले, हा त्यांचा मोठेपणा होता. संघटनेच्या अर्थव्यवहाराचे ते यश नव्हते.

सरकारी आश्रयाचा तिसरा मार्गही रविशंकर यांनी पाहिला. सोव्हिएत संघातील भारत महोत्सवाच्या समारोपास जुलै १९८८ मध्ये त्यांनी क्रेमलिनमध्ये सुमारे १४० कलावंतांचा मेळ उभा केला. भारतीय वादकांबरोबर रशियन लोकवाद्यवृंद, तेथील समूहगायक, मॉस्कोचे अभिजात वादक. तालमीला वेळ मिळाला, तिकीटविक्रीची चिंता नव्हती, आणि संगीताच्या दृष्टीने न्यूयॉर्कपेक्षा येथे खरी सरमिसळ अधिक झाली. साडेतीन वर्षांत ते राज्यच संपले आणि त्याबरोबर ती व्यवस्थाही.

सध्या या क्षेत्रात नवा धनी आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराहून मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चण्याचे बंधन घातले, आणि त्या कार्यांच्या यादीत कला व संस्कृतीचे जतनही बसविले. कुपोषित मुलांचे केंद्र आणि निमंत्रितांसाठीची संगीत-संध्या ही दोन्ही एकाच रकान्यात दाखविता येतात. कंपनीचा व्यवस्थापक कोणते निवडील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अशा संध्येत पडद्यावर मोठे नाव असते ते प्रायोजकाचे. त्याखाली मुख्य कलावंताचे. संबळ, हलगी किंवा ढोलकी वाजविणाऱ्याचे नाव निवेदकाने घेतले तर घेतले. तमाशाच्या फडात सुपारी ठरताना ढोलकीवाल्याचा आकडा निदान उघड बोलला जातो. या झगमगीत मंचावर तो कोणालाच ठाऊक नसतो.

करकायद्याची गंमत याहून वेगळी आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा कलावंताच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला सूट देण्यात आली. मात्र सादरीकरण लोककलेचे किंवा शास्त्रीय कलेचे असेल तरच. या दोहोंचा आधुनिकाशी मेळ घालणारा कलावंत कोणत्या खणात बसतो, हे आयोजकाने आणि त्याच्या सनदी लेखापालाने ठरवावयाचे. रागशुद्धीची चिंता करणाऱ्या कार्यकर्त्यांना करखात्यात असा सहप्रवासी मिळालेला आहे.

पक्षाच्या शाखांनी अशा कार्यक्रमांकडे पाठ फिरवू नये, हे यावरून निघते. परंतु तिकीट काढून टाळ्या वाजविण्यापलीकडे त्यांचे काही काम आहे. निधीसाठी मैफल करावयाची असेल तर ती ज्या न्यासाच्या नावे व्हावयाची त्याची नोंदणी आणि करमाफीची कागदपत्रे पहिले तिकीट विकण्यापूर्वी हाती असावीत. न्यूयॉर्कच्या दहा वर्षांचा धडा एवढा सोपा आहे. कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत जमाखर्च छापून वाटावा, आणि त्यात साथीदारांचे मानधन व तालमीच्या दिवसांचा भत्ता हे रकाने वेगळे असावेत. कलापथकातील मुलांना भत्ता देण्याची सूचना जिल्हा बैठकीत मांडली की कोणीतरी ज्येष्ठ सदस्य त्यागाची आठवण करून देतात. त्यांना विचारावे की, पक्ष कार्यालयाच्या टंकलेखकाला वेतन देताना त्याचा अपमान होत नाही, तर मृदंग वाजविणाराचा का व्हावा?

जागेचा प्रश्न उरतो, आणि तो बहुधा सर्वांत अवघड आहे. अंधेरीचे पथक घडले कारण त्याला महिनोन्महिने वापरावयास एक घर होते. नगरपालिका आणि महापालिकांची नाट्यगृहे सकाळच्या वेळी बहुतेक दिवस रिकामी असतात. प्रयोगाचे भाडे आणि तालमीचे भाडे वेगळे ठरवावे, तालमीसाठी ते नाममात्र असावे, आणि भिन्न कलाप्रकारांच्या दोन वा अधिक गटांनी मिळून मागणी केल्यास त्यांना अग्रक्रम द्यावा, असा ठराव पक्षाच्या नगरसेवकांना कोणत्याही सभागृहात मांडता येईल. जेथे पक्षाचा एकच नगरसेवक आहे तेथेही त्याला अनुमोदक मिळणे कठीण जाऊ नये.